आवाज कसा फाटावा, कुठे फाटावा

१९६६ साली लंडनमधल्या डेक्का कंपनीच्या स्टुडिओत जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या बँडच्या तबकडीचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. गिटारवर होता विशीतला एरिक क्लॅप्टन. त्या काळच्या स्टुडिओंची शिस्त अशी, की गिटारवाल्याने अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बेताचा ठेवायचा आणि माइक स्पीकरच्या अगदी जवळ लावायचा. क्लॅप्टनने ती मानली नाही. आपला मार्शल अ‍ॅम्प कार्यक्रमात असतो तेवढाच मोठा राहील, माइक हवा तर लांब न्या, हा त्याचा हट्ट. तंत्रज्ञ हैराण झाले, पण हट्ट टिकला. त्याच वर्षी जुलैमध्ये तबकडी बाजारात आली आणि गिटारचा इतका जाड, लांबत जाणारा, कडेला किंचित फाटलेला आवाज पुष्कळांनी पहिल्यांदा ऐकला.

हट्टामागे कारण होतं. त्या अ‍ॅम्पमध्ये ट्यूब होत्या, आणि त्याला तो आवाज बारीक करून काढताच येत नव्हता. ट्यूब आणि स्पीकर त्यांच्या ताकदीच्या टोकाला नेल्याशिवाय तो सूर निघतच नसे. नवा अ‍ॅम्प घेताना ट्यूबचा घ्यावा की सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचा, या वादात हा मुद्दा बहुतेक वेळा हरवतो. दोन्ही बाजू आवाजाच्या जातीबद्दल हिरिरीने बोलतात. आपण तो अ‍ॅम्प कुठे वाजवणार आहोत आणि तिथे तो किती मोठा करता येणार आहे, हे विचारायचं राहून जातं. खरं तर निवडीचा निम्म्याहून अधिक भाग इथेच ठरतो.

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह. रेडिओ लावल्यावर आत तांबूस उजेड दिसायचा आणि आवाज यायला थोडा वेळ लागायचा, हे साठीच्या पुढच्या अनेकांना आठवत असेल. काचेच्या निर्वात नळीत एक तार तापते, तिच्याभोवतीच्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये या प्लेटवर तीनशे ते पाचशे व्होल्टपर्यंत दाब असतो. वाटेत तारेची बारीक जाळी असते. गिटारच्या पिकअपमधून येणारा व्होल्टच्या काही दशांशांएवढा दुबळा सिग्नल या जाळीवर सोडला, की त्याच्या चढउताराप्रमाणे इलेक्ट्रॉनांचा लोंढा कमीजास्त होतो. लहान हालचालीने मोठा प्रवाह हलवायचा, एवढंच हे काम. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये ही जाळी नळीत बसवली. हेच काम घन पदार्थाच्या एका कणात करणारा ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तयार झाला. भारतात दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी बनू लागल्या. बंगळूरच्या ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला १९६१ मध्ये सुरुवात केली आणि जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर १९६२ मध्ये.

रेडिओ, टीव्ही, संगणक, सगळ्यांनी ट्यूब टाकून दिली. गिटारने टाकली नाही. त्यामागे नुसता जुन्याचा मोह नव्हता.

रेडिओच्या अ‍ॅम्प्लिफायरकडून अपेक्षा असते, की आत आलं ते जसंच्या तसं मोठं होऊन बाहेर पडावं. गिटारचा अ‍ॅम्प मात्र वाद्याचाच भाग आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडातून फारसा आवाज येत नाही. तिचा आवाज अ‍ॅम्पमध्ये घडतो, आणि १९५० नंतरच्या संगीताने त्यात एका दोषालाच मानाचं पान दिलं. तो दोष म्हणजे आवाज फाटणं. १९५१ च्या ‘रॉकेट ८८’ या गाण्यात स्पीकर खराब झालेला अ‍ॅम्प मेम्फिसच्या स्टुडिओत तसाच वापरला गेला. लिंक रेने ‘रम्बल’साठी स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली. ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये कागद पात्याने चिरला. नीट चालणारं यंत्र बिघडवून या मंडळींना हवा तो सूर मिळत होता.

आवाज फाटतो तेव्हा नेमकं काय होतं? अ‍ॅम्पला मिळणाऱ्या विजेच्या दाबाला मर्यादा असते, आणि बाहेर पडणारी लाट त्या मर्यादेपलीकडे वाढू शकत नाही. सिग्नल फार जोरात आला, की लाटेचं शिखर आणि तळ कापले जातात. कापलेल्या लाटेत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे नवे स्वर मिसळतात. तानपुरा ऐकणाऱ्या मराठी कानाला ही गोष्ट परकी नाही. खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो त्या तारेच्या कंपनांच्या पाचपट असलेला स्वर. दुप्पट म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट म्हणजे त्याच्यावरचा पंचम. इथपर्यंत सगळं गोड आहे. सातपटीचा स्वर कोमल निषादाच्या आसपास येतो, पण त्याच्याशी नीट जुळत नाही. त्याहून वर गेल्यावर खरखर वाढत जाते.

ट्यूब मर्यादेजवळ येताना हळूहळू दमते. लाटेचं टोक आधी गोलावतं, मग चपटं होतं, त्यामुळे पहिल्यांदा खालचे, जुळणारे स्वर मिसळतात. वादकाने तार हळू छेडली तर आवाज स्वच्छ येतो, जरा जोर दिला की कडा खरखरीत होते, अजून जोर दिला की पूर्ण फाटतो. बोटांखालचा हा उतार ट्यूबवाल्यांना प्राणप्रिय असतो. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची रचना वेगळी असते. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा काही भाग उलट करून पुन्हा आत घालतात आणि त्याने चूक सतत दुरुस्त होत राहते. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्यामुळे आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, आणि मर्यादा आली की एकदम, धारदार कापला जातो. १९७३ मध्ये रसेल हॅम या ध्वनितंत्रज्ञाने ‘ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी’च्या नियतकालिकात याच विषयावर निबंध लिहिला. दोहोंमधला फरक त्यांच्यावर भार जास्त झाल्यावरच स्पष्ट होतो, असं त्याचं म्हणणं होतं. पन्नास वर्षांनंतरही वादाचा गाभा तिथेच आहे.

त्या निबंधापासून एक सोपं सूत्र रूढ झालं: ट्यूब म्हणजे समपटीचे गोड स्वर, ट्रान्झिस्टर म्हणजे विषमपटीचे कडू. दुकानात आजही हे ऐकायला मिळतं आणि ते अर्धंच खरं आहे. मोठ्या ट्यूब अ‍ॅम्पच्या शेवटच्या टप्प्यात ट्यूबच्या जोड्या आळीपाळीने ढकलण्या-ओढण्याचं काम करतात, आणि या रचनेत त्या टप्प्यात तयार होणारे समपटीचे स्वर एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. म्हणजे मार्शलच्या गर्जनेत विषमपटीच्या स्वरांचा वाटा मोठा असतो. तिपटीचा पंचम काही कडू नाही.

फाटलेल्या आवाजात दोन स्वर एकत्र वाजवले तर त्यांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांचे आणखी स्वर उमटतात. षड्ज आणि पंचम यांचं नातं दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे खालचा षड्ज. नुसत्या सा-पने रॉकचे गिटारवादक एवढा भारदस्त आवाज काढतात तो या हिशेबामुळे. त्यात गिटारच्या पडद्यांवरचा गंधार घातला, की वजाबाक्या जुळेनाशा होतात आणि आवाज गढूळ होतो.

ट्यूब अ‍ॅम्पच्या स्वभावात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्यांची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. पहिली स्पीकरबद्दल. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवतो. ट्यूबचा अ‍ॅम्प आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरशी जोडलेला असतो आणि त्याची पकड सैल असते. व्हॉक्स एसी-३० या ब्रिटिश अ‍ॅम्पच्या शेवटच्या टप्प्यात तर निगेटिव्ह फीडबॅक नाहीच. स्पीकरला जिथे स्वतःहून घुमायचं असतं, त्या खालच्या आणि अगदी वरच्या पट्टीत तो मोकळेपणी घुमतो. आवाज ‘भरलेला’ वाटतो त्यात याचा मोठा हात आहे. दुसरी गोष्ट विजेच्या पुरवठ्याची. एसी-३० किंवा सुरुवातीच्या मार्शलमध्ये घरच्या विजेचं डीसी करायलाही ट्यूबच असे. जोरात झणकार दिला की दाब क्षणभर खाली बसतो आणि मग सावरतो. स्वर आधी दबतो, मग फुलतो. वादकाला ते बोटांना जाणवतं, श्रोत्याला बहुतेक कळतही नाही.

मग ट्रान्झिस्टर बदनाम का झाला? सुरुवात घाईत झाली म्हणून. फेंडर कंपनी १९६५ च्या जानेवारीत सीबीएसने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिने ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प बाजारात आणले. कोरडा आवाज आणि वारंवार बिघाड यांमुळे ते काही वर्षांत बंद झाले. घरातल्या संगीतसंचाचं गणित त्या काळच्या अभियंत्यांनी गिटारला लावलं, आणि वादकाला फाटलेला आवाज हवा असतो हे त्या गणितात धरलेलंच नव्हतं.

पण वाद घालणारे एक गोष्ट विसरतात. साठीच्या दशकातल्या फाटक्या आवाजात ट्रान्झिस्टर सुरुवातीपासून होता. ‘रोलिंग स्टोन्स’च्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’मधली ती गुरगुर मायस्ट्रो फझ-टोन नावाच्या पेडलची, आणि त्या पेडलमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली फझ फेस होता, तोही ट्रान्झिस्टरचाच, आणि पाठीमागे ट्यूबचे मार्शल. ‘क्वीन’चा ब्रायन मे ट्रान्झिस्टरच्या बूस्टरने एसी-३० ढकलतो. त्याच्याकडे आणखी एक वस्तू होती. बँडचा बास गिटारवादक जॉन डीकनला रस्त्याकडेच्या कचऱ्यात एक सर्किट सापडलं. त्याने ते छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवून बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प केला. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या त्या डबड्यातून मेने १९७५ च्या ‘गुड कंपनी’त गिटारवर अख्खा जॅझ वाद्यवृंद उभा केला. ज्या बँडचा गायक पाचगणीच्या शाळेत वाढला, त्या बँडच्या सर्वांत लाडक्या आवाजांपैकी एक सॉलिड-स्टेट आहे.

आणि ज्याला आवाज फाटायलाच नको, त्याचं काय? त्याच्यासाठी रोलंडने १९७५ मध्ये जॅझ कोरस जेसी-१२० आणला. साठ-साठ वॅटचे दोन अ‍ॅम्प, बारा इंची दोन स्पीकर, आणि एका बाजूचा सूर किंचित हलवून मिळणारं रुंद, पाण्यासारखं कोरस. ‘द क्युअर’चा रॉबर्ट स्मिथ, ‘पोलीस’चा अँडी समर्स यांच्या स्वच्छ आवाजाशी हे यंत्र कायमचं जोडलं गेलं. ‘मेटॅलिका’च्या जेम्स हेटफिल्डनेही शांत भागांसाठी तेच वापरलं. बी. बी. किंग वर्षानुवर्षं लॅब सीरीज एल-५ या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर वाजवत होता. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलचा करवतीसारखा आवाज रँडलच्या सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पचा. तिथे धारदार कापलेली लाट हीच खुबी होती. ‘ट्रान्झिस्टरमध्ये जीव नाही’ असं म्हणणाऱ्याने हे सगळं आधी ऐकावं.

आता पुन्हा जागेकडे. वॅटचा आकडा पाहून आवाजाचा अंदाज बांधणं ही दुकानातली सर्वांत महागडी चूक. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो; कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणजे शंभर वॅटचा अ‍ॅम्प पन्नास वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा जेमतेम जाणवेल एवढाच मोठा. गिटारचे बारा इंची स्पीकर अतिशय बोलके असतात. सेलेस्टियनच्या नावाजलेल्या स्पीकरांतून एका वॅटला मीटरभर अंतरावर ९८ ते १०० डेसिबल आवाज येतो. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. पाच वॅटचा ‘छोटा’ ट्यूब अ‍ॅम्प फाटेपर्यंत वाढवला, तर दादर किंवा कोथरूडमधल्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे काका वर येणारच, आणि त्यांचं चुकतही नाही.

तीस वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प तीस वॅटच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पपेक्षा मोठा वाटतो, हा अनुभव मात्र खरा आहे. वॅट तेवढेच असतात. ट्यूबवाला अ‍ॅम्पला मर्यादेपलीकडे ढकलतो आणि तो फाटलेला आवाज संगीत म्हणून वापरतो, तर ट्रान्झिस्टरवाला फाटायच्या आधी थांबतो. म्हणून ड्रमसोबत वाजवायचं असेल तर ट्यूबचे पंधरा-वीस वॅट पुरतात, सॉलिड-स्टेटला पन्नास ते शंभर ठेवावे लागतात.

घरी वाजवणाऱ्याला ट्यूबमध्ये पैसे घालून काय मिळतं? मास्टर व्हॉल्यूम असलेल्या अ‍ॅम्पमध्ये पुढच्या टप्प्यातल्या लहान ट्यूब फाडून शेवटचा टप्पा बारीक ठेवता येतो. मेसा बूगीने आणि पुढे १९७५ पासून मार्शलने ही सोय दिली. तिचा स्वतंत्र आवाज आहे आणि ऐंशीच्या दशकातला अर्धा रॉक त्यावर उभा आहे. पण क्लॅप्टनने हट्ट धरला होता तो आवाज हा नव्हे. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये अ‍ॅटेन्युएटर लावून ताकद उष्णतेत जिरवता येते; पण ट्यूब लवकर झिजतात आणि बारीक आवाजात कानही वेगळं ऐकतो. झोपायच्या खोलीत सराव करणाऱ्याने ट्यूबचा हट्ट सोडावा, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. बॉसचा कटाना २०१६ मध्ये आला. त्यात आवाज घडवण्याचं काम डिजिटल चिप करते आणि ताकद अर्ध्या वॅटपर्यंत खाली आणता येते. अशा अ‍ॅम्पवर रात्री अकरालाही फाटका सूर वाजतो.

डिजिटलमुळे मूळ वादाची धारही कमी झाली आहे. लाइन सिक्सच्या पॉडने १९९८ मध्ये अनेक अ‍ॅम्पांच्या नकला एका डबीत आणल्या. केम्परने २०११ मध्ये खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज मोजून साठवायची सोय केली. २०१९ मध्ये खुद्द फेंडरने टोन मास्टर मालिकेत आपल्याच ट्विन रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती काढली. ट्यूबचा ट्विन सुमारे २९ किलोचा, डिजिटल १५ किलोचा. विरारहून चर्चगेटला लोकलने कार्यक्रमाला जाणाऱ्या वादकाला हा फरक खांद्यात कळतो. ध्वनिमुद्रणात या नकला आज इतक्या चांगल्या आहेत, की ऐकणाऱ्याने फरक सांगायची पैज लावू नये. दहा फुटांवर ठेवलेल्या, हवा हलवणाऱ्या खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पसमोर उभं राहून वाजवण्याची खुमारी मात्र वेगळी आहे, आणि ज्याच्याकडे सरावाची बंद खोली किंवा नियमित स्टेज आहे त्याने ती जरूर अनुभवावी.

मग देखभालीची तयारी ठेवावी लागते. जोराने वाजवणाऱ्याच्या पॉवर ट्यूब, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या ट्यूब, एक-दोन वर्षांत बदलाव्या लागतात, लहान ट्यूब बऱ्याच जास्त टिकतात. पॉवर ट्यूब बदलल्यावर बहुतेक अ‍ॅम्पमध्ये बायस, म्हणजे ट्यूबमधून शांतपणे वाहणारा प्रवाह, पुन्हा लावावा लागतो. हे काम घरी करायचं नाही; प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याएवढी वीज साठलेली असते. भारतात बहुतेक ट्यूब बाहेरून येतात. आज त्या मुख्यतः स्लोव्हाकियातल्या चाड्त्सा, रशियातल्या सारातोव आणि चीनमधल्या कारखान्यांत बनतात, आणि २०२२ मध्ये युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यावर पुरवठा अडला तेव्हा जगभर भाव चढले. हाताशी एक जादा जोडी ठेवावी. ट्यूबचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सॉलिड-स्टेटची देखभाल दोन ओळींत संपते: हवा खेळू द्या, स्पीकरच्या वायरी एकमेकींना टेकू देऊ नका. तो बिघडला तर मात्र आजकालचं दाटीवाटीचं सर्किट दुरुस्त करण्यापेक्षा बोर्डच बदलावं लागतं. उलट पन्नास वर्षांपूर्वीचा ट्यूब अ‍ॅम्प जाणकार कारागीर आजही भाग बदलून उभा करतो.

दुकानात जाताना आपली गिटार न्यावी. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवायला सांगावं, कारण गिटारच्या स्पीकरचा तीक्ष्ण आवाज सरळ पुढे जातो आणि जमिनीवर ठेवला तर तो गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. पहिली पाच मिनिटं घरी किंवा तालमीत ठेवणार तेवढ्याच आवाजात वाजवावं. दुकानदार वाढवायला सांगेल, तरी. मग अ‍ॅम्प फाटेल इतपत वाढवून गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणावा आणि आवाज स्वच्छ होतो की नुसताच बारीक होतो ते ऐकावं. परदेशातून कुणा नातेवाइकाने आणलेला अ‍ॅम्प स्वस्तात मिळत असेल तर आधी पाठीमागची पट्टी वाचावी. तिथे १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावता येणार नाही, आणि त्याला पेलेल अशा वजनदार स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरची किंमत आणि ओझं दोन्ही हिशेबात धरावं लागेल.